प्रयोगशाळेच्या शेजारी : विद्यापीठातील कर्मचाऱ्यांचे आरोग्य आणि सुरक्षितता



कारखान्यात अपघात होऊ शकतो, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तेथील यंत्रांची चाके डोळ्यांसमोर फिरत असतात, भट्ट्यांची धग दारापर्यंत येते. म्हणूनच ब्रिटनमध्ये १८३३ साली कारखान्यांसाठी सरकारी निरीक्षक नेमण्याची तरतूद झाली, आणि भारतात १८८१ साली पहिला कारखाने अधिनियम संमत झाला. विद्यापीठाचे चित्र मात्र याहून निराळे आहे. विद्यापीठ म्हटले की ग्रंथालय, व्याख्यानाचे दालन आणि वृक्षांच्या सावलीतील शांत रस्ते डोळ्यांपुढे उभे राहतात. अशा जागी कोणाच्या जिवाला धोका असेल, ही कल्पना सहसा मनात येत नाही.

वस्तुस्थिती वेगळी आहे. एखाद्या कारखान्यात दोन-चार घातक पदार्थ मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. विद्यापीठाच्या एकाच इमारतीत असे शेकडो पदार्थ थोड्या थोड्या प्रमाणात असतात. ज्वालाग्राही द्रव, दाबाखाली भरलेली वायूंची नळकांडी, रोगजंतू, किरणोत्सर्गी द्रव्ये हे सारे एका छपराखाली नांदत असते. त्याच छपराखाली प्राध्यापक व विद्यार्थी यांखेरीज आणखी एक मोठा वर्ग वावरत असतो. प्रयोगशाळेचे परिचर, तंत्रज्ञ, छायाचित्रकार, भांडारपाल, लिपिक, शिपाई, सफाई कामगार हे त्या वर्गातले लोक होत. प्रयोग कोणता करावयाचा, हे ते ठरवीत नाहीत. पुष्कळदा कोणता प्रयोग चालू आहे, हेही त्यांना ठाऊक नसते. आजच्या व्याख्यानाचा विषय मुख्यत्वे याच वर्गाच्या आरोग्याचा आहे; आणि त्याचा विचार प्रामुख्याने दोन घटनांच्या आधारे करावयाचा आहे. पहिली घटना इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९७८ साली घडली, दुसरी दिल्ली येथे २०१० साली.

बर्मिंगहॅमची घटना देवीच्या रोगाची आहे. या रोगाने भारतात किती बळी घेतले आणि किती चेहऱ्यांवर व्रण ठेवले, हे जुन्या पिढीस सांगावयास नको. जागतिक आरोग्य संघटना आणि ठिकठिकाणची सरकारे यांच्या चिकाटीच्या मोहिमेमुळे हा रोग हटत गेला. भारतातील अखेरचा रुग्ण १९७५ सालच्या मे महिन्यात आढळला. नैसर्गिक रीतीने लागण झालेला जगातील अखेरचा रुग्ण सोमालियातील मेर्का या गावी १९७७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सापडला. हा तरुण तेथील रुग्णालयात स्वयंपाकी होता. देवीच्या रुग्णांना घेऊन निघालेल्या गाडीच्या चालकाला रस्ता दाखविण्यासाठी तो काही मिनिटे त्या गाडीत बसला होता, एवढेच निमित्त झाले. सुदैवाने तो वाचला. रुग्णालयात नोकरी करणारा हा माणूस खऱ्या अर्थाने लसीच्या संरक्षणाबाहेरच राहून गेला होता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अशा रीतीने रोग जगातून गेला. त्याचा विषाणू मात्र काही प्रयोगशाळांच्या शीतकपाटांत उरला. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगशाळा त्यांपैकी एक होती. तिचे प्रमुख प्रा. हेन्री बेडसन हे देवी व तत्सम विषाणूंचे नामांकित अभ्यासक होते. या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर शरीररचनाशास्त्र विभागाच्या काही खोल्या होत्या. त्या विभागात जॅनेट पार्कर या बाई वैद्यकीय छायाचित्रकार म्हणून नोकरीस होत्या. त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. सूक्ष्मदर्शकाखालील नमुन्यांची छायाचित्रे काढणे, ती काळोख्या खोलीत धुणे, लागणारे सामान दूरध्वनीवरून मागविणे, असे त्यांचे काम असे. देवीच्या संशोधनाशी त्यांचा कोणताही संबंध नव्हता.

११ ऑगस्ट १९७८ रोजी पार्करबाई आजारी पडल्या. अंग मोडून आले, पुढे अंगावर पुरळ उठला. प्रथम तो कांजिण्यांचा किंवा औषधाच्या प्रतिक्रियेचा असावा असे वाटले. ज्या रोगाचा जगात कोठेही मागमूस उरला नव्हता, त्याची शंका कोणाला यावी? २४ ऑगस्टला त्यांना रुग्णालयात दाखल करण्यात आले, तेव्हा निदान झाले : देवी. ११ सप्टेंबर रोजी, आजाराला बरोबर एक महिना होत असता, त्यांचा अंत झाला. जगात देवीने मरण पावलेली ही अखेरची व्यक्ती होय. त्यांच्या आईलाही सौम्य लागण झाली होती, त्या बऱ्या झाल्या. वडील मात्र याच दिवसांत हृदय बंद पडून गेले. शेकडो लोकांना लस टोचून देखरेखीखाली ठेवावे लागले. आणि पार्करबाईंच्या मृत्यूपूर्वी चार दिवस, ७ सप्टेंबर रोजी, प्रा. बेडसन यांचेही निधन झाले. या आपत्तीचा भार असह्य होऊन त्यांनी स्वतःला इजा करून घेतली होती.

पुढे प्रा. शूटर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि तिचा अहवाल १९८० साली प्रसिद्ध झाला. जुलै महिन्याच्या अखेरीस प्रयोगशाळेत हाताळल्या गेलेल्या विषाणूचीच लागण पार्करबाईंना त्यांच्या कामाच्या जागी झाली, याविषयी अहवालाला संशय नव्हता. विषाणू नेमका कोणत्या वाटेने वर गेला, याविषयी मात्र एकमत झाले नाही. खालच्या खोलीतील हवा इमारतीतील नळ्यांसाठी ठेवलेल्या पोकळीतून वर चढली आणि दूरध्वनीच्या खोलीत पोचली, हा मार्ग अहवालाने सर्वांत संभाव्य मानला. १९७९ साली विद्यापीठावर खटला चालला, तेव्हा हा मार्ग सिद्ध होऊ शकला नाही आणि विद्यापीठ निर्दोष सुटले. न्यायालयाचा निर्णय त्याच्या जागी योग्य असेल. परंतु वाट सापडली नाही, म्हणून ती वाट नव्हतीच असे म्हणता येत नाही.

या प्रकरणात मनाला अधिक टोचणारी बाब निराळीच आहे. १९६६ साली याच महाविद्यालयातील दुसऱ्या एका वैद्यकीय छायाचित्रकाराला देवीची लागण झाली होती. तो रोगाचा सौम्य प्रकार होता आणि कित्येक आठवडे तो ओळखलाच गेला नाही. दरम्यान इतर लोकांनाही लागण झाली. म्हणजे बारा वर्षांपूर्वी याच इमारतीने, याच कामावरील माणसाच्या द्वारे, स्पष्ट इशारा दिला होता. पार्करबाईंना देवीची लस शेवटची टोचली गेली तीही १९६६ सालीच. त्यानंतर बारा वर्षे गेली. त्या प्रयोगशाळेच्या नोकर नव्हत्या, म्हणून प्रयोगशाळेच्या नियमांत बसत नव्हत्या. शासकीय कागदावर त्या दुसऱ्या विभागात होत्या. हवेच्या दृष्टीने त्या त्याच प्रयोगशाळेत होत्या.

येथे ब्रिटनमधील कायद्याचा थोडा उल्लेख आवश्यक आहे. तेथील जुने कायदे कारखाना, खाण, दुकान अशा जागांपुरते मर्यादित होते. शिक्षणसंस्थांतील लक्षावधी नोकर त्यांच्या बाहेर राहत. लॉर्ड रोबेन्स यांच्या समितीने १९७२ साली ही उणीव दाखवून दिली, आणि तिच्या शिफारशींतून १९७४ चा आरोग्य व सुरक्षितता अधिनियम जन्माला आला. कामाची जागा कोणतीही असो, व्यवहार्य असेल तेवढी सुरक्षितता राखणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि हे कर्तव्य त्याच्या नोकरीत नसलेल्या पण त्याच्या कामामुळे धोक्यात येणाऱ्या लोकांप्रतीही आहे, असे या कायद्याने ठरविले. कर्मचारी-संघटनांना आपले सुरक्षा-प्रतिनिधी नेमण्याचा हक्क देणारे नियम १ ऑक्टोबर १९७८ पासून अमलात आले. पार्करबाई त्यापूर्वी तीन आठवडे वारल्या होत्या.

प्रा. बेडसन यांच्याकडे पाहतानाही न्यायबुद्धी सोडून चालणार नाही. त्यांची प्रयोगशाळा १९७८ च्या अखेरीस बंद व्हावयाची होती. हाती घेतलेले संशोधन त्यापूर्वी पुरे करण्याची निकड होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणीत त्या जागेतील सोयी अपुऱ्या ठरल्या होत्या. मात्र थोड्या महिन्यांत जागाच बंद होणार म्हटल्यावर ती सुधारण्यास फारसा वेग आला नाही. बंद होऊ घातलेली खोली हीच पुष्कळदा सर्वांत धोक्याची खोली असते, कारण तिच्यावर खर्च करण्यास कोणी राजी नसतो आणि तिच्यातील काम मात्र वाढलेले असते. शिवाय संकट कोसळल्यावर एका माणसाने सारा दोष एकट्याने डोक्यावर घ्यावा, अशी स्थिती संस्थेने येऊ देता कामा नये. कर्मचाऱ्याचे स्वास्थ्य म्हणजे केवळ हातमोजे आणि मुखपट्टी नव्हे. कठीण प्रसंगी आपल्या पाठीशी संस्था उभी आहे, हा विश्वास त्यात येतो. आणि तो विश्वास प्राध्यापकालाही लागतो.

बर्मिंगहॅम येथे धोका भिंतीपलीकडे गेला. दिल्ली येथे तो काळाच्या पलीकडे गेला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९७० च्या सुमारास कॅनडाहून एक गॅमा किरणयंत्र आणले होते. त्यात कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य शिशाच्या जाड कवचात बंद केलेले होते. १९८५ पासून यंत्राचा वापर थांबला. ते एका खोलीत तसेच पडून राहिले. माणसे निवृत्त झाली, नवी आली, आणि यंत्र काय आहे हे जाणणारे कोणी उरले नाही. २०१० सालच्या फेब्रुवारी महिन्यात ते इतर अडगळीबरोबर लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात पोचले. तेथील कामगारांनी शिसे मिळविण्यासाठी ते फोडले. एप्रिल महिन्यात लोकांची कातडी काळवंडू लागली, केस गळू लागले, उलट्या होऊ लागल्या. सात जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांपैकी एक कामगार त्याच महिन्याच्या अखेरीस मरण पावला.

कोबाल्ट-६० ची किरणोत्सर्गी शक्ती दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. चाळीस वर्षांत ती मूळच्या जवळजवळ दोनशेव्या हिश्शावर आलेली असणार. तेवढा उरलेला अंशही एका माणसाचा जीव घेण्यास पुरला. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. यंत्र त्यापूर्वीच येऊन बसलेले होते.

आपल्याकडील प्रत्येक विभागात जड वस्तूंची नोंदवही असते, जिला कचेरीत डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात. तिच्यात वस्तूचे नाव, खरेदीची तारीख आणि किंमत लिहिलेली असते. वस्तू निकामी झाली की समिती बसते, सह्या होतात, आणि वस्तू निकालात निघते. वस्तूच्या पोटात काय आहे, हे विचारणारा रकाना तिच्यात सहसा नसतो. मायापुरीतील कामगार विद्यापीठाच्या पगारपत्रकावर नव्हता. त्याने विद्यापीठाची कमानही पाहिली नसेल. तरीही एका प्राध्यापकाच्या निवृत्तीनंतर कोणीतरी करावयाचे राहून गेलेले काम त्याच्या वाट्याला आले.

याला जोडून तिसऱ्या एका घटनेचा केवळ निर्देश पुरेसा आहे. २९ डिसेंबर २००८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील रसायनशास्त्र विभागात हवेचा स्पर्श होताच पेट घेणारा द्रव पिचकारीने काढीत असता तेवीस वर्षांची एक संशोधन-साहाय्यिका भाजली आणि अठरा दिवसांनी मरण पावली. तिच्या अंगात प्रयोगशाळेचा संरक्षक कोट नव्हता. ती पगारी नोकर होती, म्हणून कामगार-सुरक्षेची सरकारी यंत्रणा हलली आणि प्रकरण फौजदारी न्यायालयापर्यंत गेले. तीच मुलगी त्याच मेजापाशी विद्यार्थिनी म्हणून उभी असती, तर ही यंत्रणा तिच्यासाठी त्याच रीतीने पुढे आली नसती. ज्वाळेला मात्र पगारदार आणि बिनपगारी हा भेद कळत नाही.

या घटनांतून निघणारा बोध साधा आहे. सुरक्षिततेची आखणी विद्यापीठे सामान्यतः विभाग, हुद्दा आणि पगारपत्रक यांना अनुसरून करतात. धोका या तिन्हींपैकी कशालाही जुमानत नाही. म्हणून प्रयोगशाळेची सुरक्षितता तपासताना आरंभ प्रयोगाच्या मेजापासून न करता, त्या प्रयोगाविषयी ज्याला सर्वांत कमी माहिती आहे अशा माणसापासून करावा. वरच्या मजल्यावर कोण बसते? रात्री केर कोण काढतो, आणि तो केर कोठे जातो? बाटल्या कोण धुतो? निवृत्त होणाऱ्याने कपाटाच्या किल्लीबरोबर कपाटातील वस्तूंची माहितीही दिली काय? परिचराने धोका दाखविला, तर त्याचे म्हणणे लिहून घेतले जाते, की त्याला आपली पायरी दाखविली जाते? या प्रश्नांना मोठा खर्च लागत नाही. इमारतीतून एकदा सावकाश चालत जाणे आणि भेटेल त्याच्याशी बोलणे, एवढ्याने बरीच उत्तरे मिळतात.

तीनशे वर्षांपूर्वी बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामधंद्यांपासून उद्भवणाऱ्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. तो १७०० साली प्रसिद्ध झाला. रामाझ्झिनी स्वतः विद्यापीठात अध्यापक होते, आणि त्या ग्रंथात कुंभार, सोनार, हमाल यांच्याबरोबर विद्वानांच्या दुखण्यांचाही विचार त्यांनी केला. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतो, त्यांत आणखी एकाची भर घालावी, असे त्यांचे सांगणे होते : तुझा धंदा कोणता? बर्मिंगहॅमच्या अनुभवानंतर या प्रश्नाला पुढचा एक प्रश्न जोडावा लागेल : तुझ्या शेजारच्या खोलीत कोणता धंदा चालतो? जे विद्यापीठ आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर देता येईल अशी व्यवस्था करील, त्याने सुरक्षिततेचे निम्मे काम केले असे समजावे. उरलेले निम्मे, उत्तर ऐकल्यावर वरिष्ठांनी काय करावे, याचे आहे.