सलामीचा अर्थ आणि तिरंग्याचा मान
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



गणरायाला वंदन करून विषयाकडे वळतो. आपल्या ग्वाल्हेरात तोफांच्या सलामीचे कौतुक जुन्या घरांतून अजून ऐकू येते. ब्रिटिश अमदानीत ग्वाल्हेरचे शिंदे आणि बडोद्याचे गायकवाड यांना २१ तोफांचा मान होता, तर इंदूरच्या होळकरांना १९ तोफांचा. त्यांच्या स्वतःच्या संस्थानात मात्र २१. तोफांच्या आकड्यावर संस्थानाची प्रतिष्ठा मोजली जाई.

पण या प्रथेचे मूळ मोठेपणात नाही, विश्वासात आहे. पूर्वी तोफ एकदा डागली की पुन्हा ठासायला बराच वेळ लागे. परक्या बंदरात शिरणारे जहाज आधीच तोफा उडवून रिकाम्या करी. म्हणजे, ‘आम्ही मित्र म्हणून आलो आहोत.’ आज हा २१ तोफांचा मान आपल्या राष्ट्रपतींना आहे. प्रजासत्ताकदिनी राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत २१ बार बरोबर बसवले जातात.

लष्कराच्या इतर प्रथाही पाहा. दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीला होणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’चे मूळ सूर्यास्ताच्या बिगुलात आहे. तो वाजला की लढाई थांबे, शस्त्रे म्यान होत आणि सैन्य छावणीकडे परते. अंत्यसंस्काराच्या वेळी सैनिक बंदुकीची नळी खाली करून मान झुकवतात. त्याला ‘शोक शस्त्र’ म्हणतात. या साऱ्या प्रथांत ताकद आहे, पण ती आवरून धरलेली आहे.

हाच संयम तिरंग्याच्या बाबतीत आपल्याकडून अपेक्षित आहे. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी हा ध्वज स्वीकारला. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने सामान्य नागरिकालाही तो वर्षभर लावण्याची मोकळीक दिली. २०२२ पासून घरावर तो रात्रीही ठेवता येतो. मोकळीक वाढली, तशी जबाबदारीही वाढली.

आपल्या मंडपापुरते चार नियम सांगतो. ध्वज झपाट्याने चढवावा, सावकाश उतरवावा. व्यासपीठावर तो वक्त्याच्या उजव्या हाताला असावा. तिरंग्याच्या काठीवर दुसरा ध्वज नको. आपली भगवी पताकाही त्याच्याहून उंच किंवा त्याच्या बरोबरीने नको. ध्वजाचे तोरण करू नये, टेबलावर तो अंथरू नये. त्यात पाकळ्या बांधून फडकवणे चालते, पण काठीच्या टोकाला हार घालणे चालत नाही.

कोणी म्हणेल, उत्सवाच्या आनंदात एवढा काटेकोरपणा कशाला? त्यांना एकच गोष्ट सांगतो. जवानाच्या शवपेटीवर तिरंगा घालतात तेव्हा केशरी पट्टा मस्तकाकडे असतो. पण तो ध्वज चितेवर जळू देत नाहीत, दफनात खाली जाऊ देत नाहीत. आधी तो काढतात, घडी करतात आणि घरच्यांच्या हाती देतात. त्या माऊलीकडे मुलाच्या जागी ती घडी उरते. तोच ध्वज १६ ऑगस्टच्या सकाळी गटाराच्या कडेला पडलेला तिने पाहिला, तर तिला काय वाटेल?

म्हणून मंडळाच्या तरुणांना माझी विनंती आहे. विसर्जनानंतर निर्माल्य आपण वेगळे गोळा करतो, ते पायदळी येऊ देत नाही. ही शिस्त आपल्या अंगात मुरलेली आहेच. तशाच काळजीने १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला संध्याकाळी रस्त्यावरचे कागदी झेंडे गोळा करा. फाटलेला ध्वज कचऱ्यात न टाकता, एकांतात, मानाने अग्नीच्या स्वाधीन करावा. संहितेचेही तेच सांगणे आहे.

या कामाला वर्गणी लागत नाही. दहा मुले आणि एक पिशवी पुरे. यंदापासून सुरुवात करू या.

गणपती बाप्पा मोरया! जय हिंद!