समुपदेशनाचा हिशेब



शाळेतील समुपदेशनाचा वार्षिक अहवाल बहुधा ठरावीक साच्याचा असतो. इतकी व्याख्याने झाली, इतके विद्यार्थी उपस्थित राहिले, इतक्या पालकांच्या भेटी घेतल्या. हे आकडे खोटे नसतात. परंतु ते केवळ श्रमाचे मोजमाप होय. विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे त्यांतून कळत नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कार्याला मात्र नेमके याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

दहा माध्यमिक शाळांच्या गटामागे निदान एक फिरता समुपदेशक असावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ साली केली होती. ग्रामीण भागात हे काम आजही बव्हंशी वर्गशिक्षकांच्याच शिरावर आहे. २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यभर कल चाचणी घेण्यात आली. चाचण्या किती झाल्या, हे मोजणे सोपे होते. त्या विद्यार्थ्याने अकरावीला कोणती शाखा घेतली आणि का, याची नोंद शाळेने ठेवली असेल तरच त्या चाचणीचा उपयोग सांगता येतो.

बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर २०११ च्या जनगणनेत पुरुषांची साक्षरता सुमारे ९० टक्के आणि स्त्रियांची सुमारे ७६ टक्के होती. मुलींची गळती हा म्हणून येथील समुपदेशनाचा पहिला विषय ठरतो. समजा, एखाद्या गावी आठवीत ३० मुली आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांतील ६ मुलींची उपस्थिती निम्म्यावर आली. शिक्षिका त्यांच्या घरी गेल्या, आईवडिलांशी बोलल्या आणि जूनमध्ये ४ मुली नववीत बसल्या. सहापैकी चार, हा खरा आकडा.

पण येथेच सचोटीची परीक्षा होते. मानव विकास कार्यक्रमातून जिल्ह्यातील काही तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्या धावतात, गरजू मुलींना सायकली मिळतात. त्या चौघींपैकी दोघींना त्याच वर्षी सायकल मिळाली असेल, तर सारे श्रेय समुपदेशनाच्या पदरात टाकता येणार नाही. मुलींनाच विचारून तसे लिहावे. उरलेल्या दोघींची नोंद तर मुळीच गाळू नये. पुढील वर्षीचे काम तिथूनच सुरू होते. (वरिष्ठांना अपयशाचे आकडे आवडत नाहीत, ही समजूत शाळांमध्ये फार जुनी आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असेही नाही.)

मोजावयाची ती संख्या, विश्वासाने सांगितलेली हकिकत नव्हे. लहान गावात ‘एका मुलीचे लग्न ठरले होते’ एवढ्या वाक्यानेही ओळख उघडी पडते. अहवालात नाव वा तपशील येता कामा नये. लैंगिक अत्याचाराची बाब कानी आली, तर मात्र २०१२ च्या कायद्यानुसार ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तेथे गुप्ततेची सबब चालत नाही.

या सर्वांसाठी नवीन नमुने छापण्याची गरज नाही. हजेरीपट आहे, जनरल रजिस्टर आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो आणि त्यात सर्रास ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले जाते. विनंती कशासाठी होती, एवढे विचारून शाळेच्या स्वतंत्र वहीत नावाविना लिहून ठेवले, तरी मार्चअखेर मुख्याध्यापकांच्या टेबलावर या वर्षीचा खरा हिशेब तयार असेल.