अनुदान आणि अर्ज

इ. स. १९६५ च्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं टेक्सास राज्यांतील सॅन मार्कोस या लहानशा गांवच्या कॉलेजांत येऊन उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. याच कॉलेजांत शिकत असतां त्यांनीं झाडलोटीचें कामही केलें होतें. गरजू विद्यार्थ्यास मध्यवर्ती सरकारनें परतफेडीच्या अटीवांचून साहाय्य द्यावें, अशी तजवीज या कायद्यानें केली. मात्र तो पैसा कॉलेजांच्या हातीं जाई व कोणास किती द्यावयाचा तें कॉलेजेंच ठरवीत. १९७२ सालच्या दुरुस्तीनें अनुदान खुद्द विद्यार्थ्याच्या नांवें मंजूर होऊं लागलें. तो ज्या मान्य कॉलेजांत जाईल तेथें तें त्याच्या मागोमाग जातें. १९८० पासून त्यास सिनेटर क्लेबोर्न पेल यांचें नांव आहे.

घटक राज्यांचीं अनुदानें याहून निराळीं. न्यूयॉर्कचें ‘टॅप’ त्या राज्याच्या रहिवाशांस तेथील कॉलेजांतील फीसाठीं मिळतें; कॅलिफोर्नियाच्या ‘कॅल ग्रँट’चा एक प्रकार पुस्तकांचा व राहण्याखाण्याचा खर्चही कांहीं अंशीं उचलतो. इलिनॉय राज्यांत पैसा शिल्लक असेतोंच अनुदान मंजूर होतें. उशीर झाला कीं गरज असूनही हात रिकामे.

खरी अडचण आहे ती अर्जाची. ‘फॅफ्सा’ नांवाच्या या अर्जांत आईबापांचें उत्पन्न विचारलें जातें, तेंही दोन वर्षांपूर्वींचें. बापाची नोकरी यंदा सुटली असली तरी हिशेब जुन्या पगाराचाच! कॉलेजच्या अधिकाऱ्याकडे फेरविचार मागतां येतो खरा. पण ज्या घरांतून पूर्वीं कोणी कॉलेजांत गेलेलें नाहीं, त्या घरास ही वाट कोणीं दाखवावी? अर्ज सोपा करण्याचा कायदा २०२० सालीं झाला. नवा अर्ज ऑक्टोबर २०२३ ऐवजीं डिसेंबरच्या अखेरीस खुला झाला आणि त्यांतील माहिती कॉलेजांस २०२४ च्या मार्चमध्यें मिळूं लागली. मदत किती मिळणार हें समजण्यापूर्वींच कॉलेज निवडण्याची पाळी अनेकांवर आली. श्रीमंताचा मुलगा अशा वेळीं थांबूं शकतो. गरिबाची मुलगी दुकानांतली नोकरी धरते, आणि तिचें कॉलेज बहुधा तेथेंच राहतें.

रकमेचेंही तसेंच. १९७५ च्या सुमारास पेल अनुदानाची कमाल रक्कम सार्वजनिक कॉलेजांतील वर्षाच्या खर्चाचा तीनचतुर्थांशाहून अधिक भार उचलीत असे. २०२५-२६ सालीं ती ७,३९५ डॉलर होती. तेवढ्यांत एकतृतीयांशही भागत नाहीं. उरलेलें बहुतेकांस कर्जानें भरावें लागतें.

पुण्या-मुंबईहून विद्यार्थी-परवान्यावर जाणाऱ्यांस पेल अनुदान मिळत नाहीं. तेथें कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांस मात्र, उत्पन्न बेताचें असल्यास, तें मिळूं शकतें. अर्जास पैसे पडत नाहींत. तो भरून देण्याबद्दल पैसे मागणारे धंदेवाईक तेथेंही आहेतच.