वारंवार तोंड येतं? आधी कारण शोधा



खताबियाण्याचं बोलणारा माणूस आज तोंड येण्यावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण बांधावर तुमच्याबरोबर भाकरी खाताना दिसतं, की एखादा गडी ठेच्याला हात लावत नाही, भाकरी दुधापाण्यात कुस्करून कशीबशी गिळतो. विचारलं तर म्हणतो, "उष्णता झालीय, साहेब." दर दीड-दोन महिन्यांनी उष्णता होत असेल, तर जरा खोलात गेलं पाहिजे.

नेहमी दिसतो तो फोड लहान, गोल आणि उथळ असतो. मध्ये पिवळट-पांढरा, कडेने लाल. ओठाच्या किंवा गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला येतो आणि 7 ते 14 दिवसांत आपोआप बरा होतो, वणही राहत नाही. दुसरा प्रकार 1 सेंटिमीटरपेक्षा मोठा आणि खोल. तो बरा व्हायला कित्येक आठवडे लागतात आणि मागे वण राहतो. तिसऱ्या प्रकारात टाचणीच्या डोक्याएवढे पुष्कळ फोड एकदम उठतात. हे तिन्ही प्रकार संसर्गाचे नाहीत, एका तांब्याने पाणी प्याल्याने दुसऱ्याला होत नाहीत. जनावरांच्या लाळ्या-खुरकुताशीही त्यांचा संबंध नाही. तो रोग वेगळ्या विषाणूचा असून त्याची लस जनावरांना वेळेवर टोचून घ्यावी, एवढंच इथे सांगतो.

या फोडांचं एकच एक कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. आईवडिलांना त्रास असेल तर मुलांना होण्याचा संभव जास्त. दाढेची धारदार कड, न बसणारी कवळी, घाईत चावला गेलेला गाल, जागरण, काळजी, काही औषधं, बायकांच्या बाबतीत पाळीचे दिवस, ही निमित्तं होतात. वरचेवर तोंड येणाऱ्या कित्येकांच्या अंगात लोह, फॉलिक आम्ल किंवा जीवनसत्त्व बी-12 कमी असतं. इथे मात्र तुमचं-आमचं शेत कामाला येतं.

फॉलिक आम्ल पालक, मेथी, चवळी, हरभरा यांत असतं. भाजी फार वेळ शिजवली आणि पाणी ओतून दिलं, तर त्यातलं बरंच जातं. लोहासाठी बाजरी, अळीव, कडधान्यं आहेत. जेवताना वर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. बी-12 मात्र कोणत्याही पालेभाजीत नाही. ते दूध, दही, अंडी, मासळी, मटण यांतूनच मिळतं. गोठ्यात दोन म्हशी असूनही सगळं दूध डेअरीला आणि घरात कोरा चहा, अशी घरं मी पुष्कळ पाहतो. माळकरी घरात तर दूध-दही हाच आधार. रोज पेलाभर दूध किंवा वाटीभर दही घरच्यांसाठी, विशेषतः गरोदर बाई आणि पोरांसाठी बाजूला काढा. त्याने डेअरीचा हिशेब फारसा बिघडणार नाही.

तोंड आलं असताना पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरावी. तिखट, आंबट, फार गरम टाळावं. फोडावर चुना किंवा डोकेदुखीची गोळी धरू नये, त्याने कातडी भाजून जखम वाढते. दुखणं फार असेल तर डॉक्टर लावायचं मलम देतात. वरचेवर त्रास होत असेल तर रक्त तपासून घ्यावं. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या स्वतःच महिनोन्‌महिने घेत राहू नये.

फवारणीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. नोझल चोंदलं की तोंडाने फुंकायचं आणि त्याच हाताने तंबाखू मळायची, ही सवय वाईट. नोझल बारीक काडीने किंवा पाण्याने साफ करा. पॅराक्वाटसारखं तणनाशक तोंडात गेलं तर तोंड आणि घसा सोलून निघतो. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. माणूस सुरुवातीला बरा दिसला तरी थांबू नका, औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक मोठ्या दवाखान्यात जा.

आता तंबाखू. बार, मिश्री, सुपारी, गुटखा. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली, तरी पुड्या बांधावर सापडतातच. साधा फोड दुखतो आणि जातो. तंबाखूचा घातक व्रण पुष्कळदा सुरुवातीला दुखतच नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर दंतवैद्याला किंवा सरकारी दवाखान्यात दाखवा. कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. तंबाखू सोडल्यावर पहिले काही आठवडे कुणाकुणाचं तोंड जास्त येतं. "बघा, सोडली म्हणून झालं," असं म्हणून पुन्हा डबी काढू नका. तो त्रास थोड्या दिवसांचा असतो, तोवर मिठाच्या पाण्याच्या चुळा भरा.