'गोलपिठा' आणि आपले कान

(सांगवी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कंत्राटी कामगार, घरभाडे, पिण्याचे पाणी असे प्रश्न दाराशी उभे असताना अभ्यासवर्गात पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका कवितासंग्रहावर कशासाठी बोलायचे, अशी शंका काहींच्या मनात असेल. ती रास्त आहे. तिचे उत्तर मी भाषणाच्या शेवटी देण्याचा प्रयत्न करीन.

नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि तिच्या संस्थापकांत ढसाळ होते. त्यांचा जन्म १९४९ चा, गाव पूर-कनेरसर, तालुका खेड. म्हणजे आपल्या सांगवीहून नाशिक फाटा, चाकण, राजगुरुनगर असे गेले की पूर्वेच्या अंगाला ते गाव लागते. कनेरसर परिसरातील जमिनी पुढे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी गेल्या, हे या पट्ट्यात सर्वांना ठाऊक आहे. मराठी कवितेची वाट बदलणारा माणूस त्याच मातीतला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. पोटासाठी वडील मुंबईत गेले आणि मुलाचे बालपण कामाठीपुऱ्यालगतच्या वस्तीत सरले. पुढे त्यांनी टॅक्सी चालवली. गोलपिठा हे त्याच भागातील वेश्यावस्तीचे नाव.

संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ती लिहिण्यापूर्वी तेंडुलकर कवीबरोबर त्या वस्तीत हिंडले. कवितांतील अनेक शब्द त्यांना अपरिचित होते आणि त्यांचे अर्थ कवीला विचारावे लागले. मराठीतील एका अग्रगण्य नाटककाराला मराठीतीलच शब्दांचे अर्थ विचारावे लागतात, या एका गोष्टीत आपल्या समाजाचे विदारक चित्र आहे. दोन वस्त्यांमधले अंतर बसने अर्ध्या तासाचे असते, पण भाषेतले अंतर पिढ्यान् पिढ्यांचे असते. तेंडुलकरांनी अर्थ विचारले. आपल्यापैकी बहुतेकांनी विचारले नाहीत. आपण पुस्तकावर मत दिले.

या पुस्तकाविषयी तीन गैरसमज झाले. पहिला अश्लीलतेचा. दुसरा त्याहून सूक्ष्म आहे आणि तो सहानुभूती बाळगणाऱ्यांनी केला. त्यांनी हे पुस्तक दुःखाचा कच्चा दस्तऐवज म्हणून वाचले. भोगले तसे ओकले, अशी त्यांची समजूत. वास्तविक 'गोलपिठा' हा भाषेचा अत्यंत जाणीवपूर्वक केलेला प्रयोग आहे. त्यात मटक्याच्या अड्ड्यावरचे, गुत्त्यातले आणि कोठ्यावरचे शब्द आहेत. मुंबईची बाजारू हिंदी आहे, उर्दूचा डौल आहे, आणि त्यांच्याच शेजारी ग्रंथांतून आलेली जड संस्कृत पदे आहेत. ही सरमिसळ अपघाताने होत नाही. जी भाषा देवळात चालते आणि जी गटाराकाठी चालते, त्या दोन्ही एका ओळीत बसवल्या की भाषेतली वर्णव्यवस्था उघडी पडते. कवीने ती हेतुपुरस्सर उघडी पाडली. त्याच्या संतापावर आपण द्रवलो, पण त्याच्या बुद्धीला दाद दिली नाही. ही दयासुद्धा एक प्रकारचा अव्हेरच आहे.

'माणसाने' ही कविता घ्या. तीत आरंभी सारी सभ्यता उलथून टाकणाऱ्या कृत्यांची लांबच लांब यादी येते. वाचणारा हादरतो आणि पुष्कळ जण तेथेच पुस्तक मिटतात. पण कविता तेथे संपत नाही. त्या विध्वंसानंतर जे उरतील त्यांनी वर्ण, जात, रंग यांवरून कोणाला हीन लेखू नये, कोणाला गुलाम करू नये, या निखळ मानवतेच्या मागणीकडे ती जाते. समतेचा आशय आपल्या जाहीरनाम्यांतही आहे. फरक एवढाच की, आपण शेवटापासून सुरुवात करतो, आणि तेथवर पोचण्यापूर्वी माणसाच्या मनात काय काय जळते याचा हिशेब ढसाळ आधी मांडतात.

तिसरा गैरसमज राजकीय आहे आणि त्यावर बोलणे आपल्याला जड जाते. १९७५ साली आणीबाणी आली. आपले अनेक साथी येरवड्याच्या तुरुंगात गेले. ढसाळांनी आणीबाणीला पाठिंबा दिला आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' हे दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. पुढे ते शिवसेनेच्या जवळ गेले आणि 'सामना'त स्तंभ लिहू लागले. तुरुंगातून बाहेर आलेल्या माणसांनी हे पुस्तक पुन्हा उघडले नाही, यात नवल नाही. मी त्यांना दोष देत नाही. ढसाळांची ती भूमिका चूक होती, असे मी आजही म्हणतो. मलिका अमरशेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या १९८४ च्या आत्मचरित्रात त्यांच्यासोबतच्या संसाराचे जे वर्णन केले आहे, तेही वाचले पाहिजे. पुनर्मूल्यांकन करताना माणसाचे अपराध झाकायचे नसतात. परंतु १९७६ च्या भूमिकेचा दंड १९७२ च्या पुस्तकाला करता येणार नाही. तसा दंड केल्याने ढसाळांचे फारसे बिघडले नाही. त्यांना १९९९ साली पद्मश्री मिळाली, २००४ साली साहित्य अकादमीने गौरविले, २००७ साली दिलीप चित्रे यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादांमुळे ते दूरवर वाचले गेले. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते मान्यवर कवी होते. नुकसान आपले झाले. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दाच्या कक्षेत अनुसूचित जाती-जमाती व नवबौद्धांबरोबर कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांनाही घेतले होते. याहून जवळचा सहप्रवासी आपल्याला कोठे मिळणार होता? पण त्याची भाषा आपल्या कानांना खटकली.

याचे कारण मला असे दिसते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांच्या शाहिरीवर आपली चळवळ वाढली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती डफावर गर्जली. तिच्यातला संताप आपल्या ओळखीच्या चालीवर येत होता, म्हणून तो आपल्याला पचला. 'गोलपिठा'ला ती चाल नव्हती. चाल अनोळखी झाली की आपण आशयही अनोळखी ठरवतो.

आता आरंभीच्या शंकेकडे वळतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ साली कृष्णवर्णीय तरुणांच्या वस्तीत हिपहॉप जन्मले. ठेक्यावर बोलण्याचा रॅप हा प्रकार त्याचाच. पँथर हे नावही तिकडच्या ब्लॅक पँथर या १९६६ च्या पक्षावरूनच आपल्याकडे आले होते. आज जुनी सांगवी, दापोडी, पिंपरी, चाकण या पट्ट्यातली मुले मराठीत रॅप करतात. त्यांपैकी कोणी कंत्राटावर यंत्र चालवतो, कोणी मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवतो. आपल्या गल्लीचे नाव ते अभिमानाने घेतात, शिव्या देतात, हिंदी-मराठी-इंग्रजी एकत्र कालवतात. २०२३ साली अशा एका गाण्यातील 'खोक्यां'च्या उल्लेखावरून महाराष्ट्रात पोलिसांनी गुन्हा नोंदवला. सत्ताधाऱ्यांना त्या भाषेतला आशय बरोबर कळला होता. आपल्या बैठकीत मात्र 'ही कसली गाणी' एवढ्यावर विषय संपतो.

या मुलांचे प्रत्येक गाणे थोर आहे असे मी म्हणत नाही. पुष्कळशी नक्कल आहे, बढाई आहे, काहींत स्त्रियांविषयी हिणकस बोलणे आहे. त्यावर त्यांच्याशी भांडावे लागेल. पण भांडण्यासाठी आधी शेवटपर्यंत ऐकावे लागते आणि न कळलेल्या शब्दाचा अर्थ विचारावा लागतो. युनियनच्या सभेला तरुण कंत्राटी कामगार येत नाही, ही आपली रोजची तक्रार आहे. त्याची भाषा आपल्या सभेत बसत नसेल, तर तो तरी का बसेल?

म्हणून माझी विनंती साधी आहे. येथल्या वाचनालयात 'गोलपिठा' नसेल तर तो आणावा. पुढच्या वर्गात 'माणसाने' पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचावी, मध्ये थांबू नये. आणि त्या दिवशी वस्तीतल्या दोन-तीन गाणाऱ्या मुलांना बोलवावे. ऐकवण्याचे काम त्या दिवशी त्यांचे, आपले फक्त ऐकण्याचे.