हाक आणि कान

भर बाजारात कुणी "सखू!" म्हणून हाक मारली, तर ती शेकडो कानांवर पडते, पण मान वळते ती सखूचीच. आपल्या शरीरातही असेच घडते. ग्रंथींतून पाझरणारी संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, रक्ताबरोबर सर्वांगात फिरतात. परंतु प्रत्येकाच्या हाकेला ओ देतात ते ठरावीक अवयवच. स्त्रीच्या बीजकोशातील इस्ट्रोजेन सगळीकडे पोचते, पण त्याने झपाट्याने वाढते ते गर्भाशय. असे का बरे व्हावे?

शिकागो विद्यापीठात एलवुड जेन्सन आणि हर्बर्ट जेकबसन यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस याचा शोध घेतला. अडचण अशी, की संप्रेरक शरीरात असते अगदी अत्यल्प. ते हुडकायचे कसे? त्यांनी इस्ट्राडायोल या संप्रेरकात किरणोत्सर्गी हायड्रोजन, म्हणजे ट्रिशियम, गुंफले आणि ते वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचले. मग एकेका अवयवातील किरणोत्सर्ग मोजला. रक्तातून आणि स्नायूंतून संप्रेरक लवकर ओसरले. गर्भाशयात मात्र ते तासन्‌तास टिकून राहिले, आणि तेही जसेच्या तसे, कोणताही रासायनिक बदल न होता. याचा अर्थ, तेथील पेशींत त्याला ओळखून धरून ठेवणारे काहीतरी असले पाहिजे. पुढे ते सापडले. ते एक प्रथिन आहे. त्याला 'ग्राही' किंवा रिसेप्टर म्हणतात. हाच पेशीचा कान!

आता तुम्ही म्हणाल, उंदरांच्या या गोष्टीशी आम्हांला काय करायचे? तर ऐका. स्तनांचे काही कर्करोग इस्ट्रोजेनवर पोसतात. रोग पसरलेल्या स्त्रियांचे बीजकोश किंवा मूत्रपिंडांवरील ग्रंथी पूर्वी शस्त्रक्रियेने काढून टाकीत. गुण येई तो सुमारे तिघींतून एकीला. बाकीच्यांना यातना फुकट. गुण कोणाला येईल हे आधी सांगताच येत नसे. जेन्सन यांनी गाठींचे तुकडे तपासले, तेव्हा दिसले की ज्या गाठीत ग्राही भरपूर, तिलाच बहुधा या उपायाने उतार पडतो. आज ही तपासणी नेहमीची झाली आहे. ग्राही असले, तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या तो कानच अडवून धरतात. नसले, तर डॉक्टर दुसरा मार्ग धरतात.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना विनंती, की हे गावात सांगा. स्तनातली गाठ लाजेपायी लपवू नये. लवकर दाखवावी, आणि ती कर्करोगाची निघाली, तर डॉक्टरांना निःसंकोच विचारावे, "रिसेप्टरची तपासणी झाली का?"