नजरेआडचे काम आणि त्याचा जाब
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



वर्गणीवर उभ्या राहणाऱ्या कार्यात पैसा एका गावचा आणि काम करणारा दुसऱ्या गावचा, असा योग वारंवार येतो. नजरेआड बसलेल्या माणसाकडून कामाचा जाब कसा घ्यावा, हा प्रश्न या बंगळूर नगरीस परिचयाचा आहे. 2020 सालच्या टाळेबंदीत येथील कचेऱ्याच घरोघरी गेल्या, आणि संगणकावरून पाळत ठेवण्याची चर्चा सुरू झाली. आपल्या मंडळातही दक्षिणेतील मराठी घराण्यांचे मोडी कागद परगावच्या जाणकारांकडून वाचून घेण्याची कल्पना निघाली आहे. 'पैसे देऊ, पण तिकडे लक्ष कोण ठेवणार?' ही सभासदांची शंका रास्त आहे.

आमच्या मते तिचे उत्तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सापडते. 1919 साली आरंभिलेले हे कार्य 1966 साली पूर्ण झाले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. पुढे सरकारे, संस्थाने आणि मुंबई विद्यापीठ यांनीही हातभार लावला. एकंदर 1,259 हस्तलिखिते तपासण्यात आली. ती शारदा, बंगाली, ग्रंथ, तेलुगू, मल्याळम अशा नाना लिपींतील होती. सारे काम एकट्या पुण्यात होणे कठीण. म्हणून शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पाठ ताडून पाहण्याची केंद्रे उघडली गेली. ज्या व्यंकोजीराजांनी आपल्या या बंगळुरातून जाऊन तंजावरचे राज्य मिळविले, त्यांच्याच घराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांनी ते ग्रंथालय समृद्ध केले होते.

इतक्या दूरच्या शास्त्र्यांवर पुण्याहून नजर कशी राहावी? 1925 साली प्रमुख संपादक झालेले डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत कामाची रीत सांगितली आहे. आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या कागदावर सर्वांत वर प्रचलित पाठाचा श्लोक लिहीत. त्याखाली प्रत्येक पोथीस एक ओळ नेमलेली असे. जेथे अक्षर बदलेल, तेथे ते बरोबर त्याच रकान्यात, मूळ अक्षराखाली मांडावयाचे. उजवीकडे शेऱ्यासाठी वेगळी जागा असे; अधिकचे श्लोक फार लांब असतील तर शोधपत्रावर उतरून सोबत जोडीत.

यातील मर्म पाहावे. शास्त्रीबोवा किती तास बसले, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. त्यांचे काम दहा पोथ्यांच्या ओळींच्या शेजारी उभे राहते. एखादी ओळ विसंगत दिसली तर पोथी पुन्हा उघडून पाहता येते. आम्ही सरकारी नोकरीत आयुष्य काढलेली माणसे. हजेरीपटावरून कोण आला एवढेच कळते, काय झाले ते कळत नाही, हे आम्ही पक्के जाणतो.

आणि जाब केवळ खालच्याकडून घेतला गेला नाही. संपादकाने नाकारलेले पाठही तळटीपांत छापले. जेथे स्वतःचीच खात्री नव्हती, त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. 1933 साली आदिपर्व पूर्ण झाले. पुढे नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडील जुनी पोथी उजेडात आली, तेव्हा सुखटणकरांनी आपल्या छापील पाठाचा तिच्याशी ताळा पाहिला आणि निष्कर्ष जाहीरपणे मांडला.

आपल्या मोडी कागदांनाही हाच न्याय लावता येईल. प्रत्येक कागदाला क्रमांक असावा. छायाचित्राशेजारी वाचन ओळीस ओळ लावून यावे. न लागलेला शब्द तसा नोंदवावा. दहातील एक कागद दुसऱ्या जाणकाराने स्वतंत्रपणे वाचावा. हे सारे सभासदांस खुले असावे, आणि त्याच पानावर मंडळानेही वर्गणी किती आली, मानधन कोणत्या तारखेस दिले, शंकेस उत्तर केव्हा धाडले, हे लिहावे. मानधन सहा महिने अडवून ठेवणाऱ्या मंडळास वाचकाकडून जाब मागण्याचा अधिकार राहत नाही.

केवळ आखीव कागदाने विद्वत्ता येत नाही, हे खरे. परंतु प्रामाणिक माणसाला त्याचा आधार वाटतो, आणि कुचराई करणाऱ्यास आडोसा मिळत नाही. पाळत ठेवण्यावर खर्च होणारी वर्गणी कागद वाचण्यावर खर्च व्हावी, एवढीच आमची आपणांस विनंती आहे.